हार्ट रेट १६५ म्हणजे जास्त की कमी? ट्रायथलॉनसाठी स्वतःचे आकडे कसे काढायचे

"पळताना माझा हार्ट रेट १६५ जातो, हे ठीक आहे ना?" ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ असलेल्या शर्यतीची, तयारी नव्याने सुरू केलेला माणूस पहिल्या महिन्याभरात हा प्रश्न विचारतोच विचारतो. मीही विचारला होता. आणि खरं उत्तर असं की मिनिटाला १६५ ठोके एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. एखादीला १६५ ला पळता पळता आरामात गप्पा मारता येतात, दुसरीला त्याच १६५ ला नुसतं "हो" म्हणायलाही दम पुरत नाही, आणि दोघीही तब्येतीने ठणठणीत असतात. दुसऱ्याचे आकडे घेऊन ट्रेनिंग करणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसणं, डोकं दुखणार आणि अक्षरंही धड दिसणार नाहीत. आपला नंबर आपणच तपासून घ्यायचा. तो कसा तपासायचा आणि मग रोजच्या ट्रेनिंगमध्ये त्याचं करायचं काय, हे मला इथे नीट सांगायचंय, कारण मला हे कळायला दीड वर्ष लागलं आणि तुमचं तेवढं जाऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी थोडं हृदयाबद्दल. मिनिटाला किती रक्त पुढे ढकललं जातं ते दोन गोष्टींवर ठरतं, एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडलं आणि मिनिटात ठोके किती पडले. नियमित ट्रेनिंगने यातली पहिली गोष्ट वाढते. रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा वाढतो, हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी होतात आणि पूर्वीच्याच वेगाने पळतानाही कमी होतात. मॅक्स हार्ट रेटचं, म्हणजे जीव तोडून कष्ट करताना ठोके जास्तीत जास्त जिथवर जातात त्या आकड्याचं, मात्र तसं नाही. तो ट्रेनिंगने वाढत नाही, वयाबरोबर हळूहळू खाली येतो, आणि कुणाचा मॅक्स २०० आहे म्हणून तो १८० वाल्यापेक्षा फिट असं अजिबात नसतं. हे एवढं लक्षात ठेवलं तरी आकड्यांची तुलना करायची निम्मी खाज कमी होते.

आता मॅक्स काढायचा तो सगळ्यांना पाठ असलेला फॉर्म्युला, २२० वजा वय. हा १९७१ च्या सुमाराचा आहे, कुठलातरी मोठा प्रयोग करून काढलेला नाही, त्यावेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून मारलेली ती एक ढोबळ रेघ होती. २००१ मध्ये तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त माहिती घेऊन नवा फॉर्म्युला मांडला, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे. चाळिशीच्या माणसाला दोन्हीकडून १८० च येतं, साठीच्या माणसाला जुन्याने १६० आणि नव्याने १६६. पण खरी गोची कुठला फॉर्म्युला घ्यायचा ही नाहीच. गोची ही आहे की एकाच वयाच्या माणसांमध्येही मॅक्स सहज १०-१२ ठोके इकडेतिकडे असतो, आणि काही जणांचा तर त्याहून बराच जास्त. फॉर्म्युला गर्दीची सरासरी सांगतो, आणि तुम्ही म्हणजे गर्दी नाही.

माझंच सांगते. सुरुवात केली तेव्हा मी ४३ वर्षांची, फॉर्म्युल्याने मॅक्स १७७. त्याच्या ६० ते ७० टक्के म्हणजे सोपा व्यायाम असं कुठेतरी वाचलं, म्हणजे १०६ ते १२४. मी पळायला लागले की दुसऱ्या मिनिटाला घड्याळात १३५ आणि घड्याळ कोकलायला लागायचं, मग चालायचं, परत पळायचं, परत ते कोकलणार. दोन महिने असं केल्यावर मला वाटायला लागलं की माझ्या हृदयातच काहीतरी कमी आहे. मग वैतागून सगळं सोडलं आणि दुसऱ्या टोकाला गेले, रोज जमेल तेवढं जोरात. नंतर एका चढावर शर्यतीच्या शेवटी घड्याळात १९१ दिसलं, छातीवरच्या पट्ट्याने मोजलेलं, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की माझा मॅक्स १७७ नव्हताच कधी. त्या फॉर्म्युल्यावर काढलेले सगळे झोन, म्हणजे सोप्यापासून कठीणपर्यंतचे हार्ट रेटचे टप्पे, माझ्यासाठी चुकीचे होते.

म्हणून मॅक्सच्या मागे न लागता थ्रेशोल्डच्या मागे लागायचं. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरा, आणि आपल्या शरीरात असे दोन उंबरे असतात. अगदी सावकाश पळताय तोवर लागणारी बरीचशी ऊर्जा चरबीतून निघते, श्वास शांत असतो, रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे स्नायू साखर जाळताना तयार होणारा पदार्थ, बसल्याजागी जेवढं असतं तेवढंच राहतं. वेग वाढवत गेलात की एका ठिकाणी श्वास जरा खोल होतो, सलग मोठी वाक्यं बोलताना मध्ये थांबावं लागतं, हा पहिला उंबरा, इथे लॅक्टेट लिटरभर रक्तात साधारण २ मिलिमोलच्या आसपास असतं. त्याच्याही वर आणखी वेग वाढवला की दुसरा उंबरा येतो, साधारण ४ मिलिमोलच्या आसपास, माणसागणिक तो थोडा खाली किंवा वर असतो. एक बादली डोळ्यांसमोर आणा, तिच्या बुडाला भोक आहे आणि वरून नळ चालू आहे, पाणी म्हणजे लॅक्टेट. नळ बारीक असेल तर जेवढं पाणी येतं तेवढं भोकातून निघून जातं आणि बादली कधी भरतच नाही. नळ मोठा करत गेलात की एक क्षण असा येतो की भोकाला आवरत नाही आणि पाणी चढायला लागतं. दुसरा थ्रेशोल्ड म्हणजे तो क्षण. त्याच्या किंचित खाली तुम्ही पाऊण तास, तासभर तग धरू शकता, त्याच्या वर गेलात की मिनिटं मोजायला लागायची.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लॅक्टेट हे विष नाही. लॅक्टेट साचलं म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे, व्यायाम थांबवला की तास-दीड तासात लॅक्टेट परत मूळच्या पातळीवर येतं, दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. उलट हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात. आपण ते मोजतो कारण शरीरात किती धावपळ चाललीय याची ती चांगली खूण आहे.

लॅबमध्ये हे मोजतात ते असं: ट्रेडमिलवर किंवा सायकलवर दर काही मिनिटांनी वेग वाढवत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्याला कानाच्या पाळीतून किंवा बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा. मास्क लावून व्हीओटू मॅक्सही, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तेही, मोजतात. जमलं तर जरूर करा, पण त्यावाचून काही अडत नाही. मैदानात, एकट्याने, घड्याळ आणि पट्टा घेऊन केलेली टेस्ट आपल्या कामाला पुरेशी होते. फक्त त्याआधी, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झालेला असेल, छातीत दुखतं, चक्कर येते, किंवा बरीच वर्षं व्यायाम बंद होता असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ही टेस्ट सोपी नाही, जीव काढते. आणि ब्लड प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके गोळीमुळेच दाबलेले असतात, तेव्हा हार्ट रेटचे झोन धरूच नका, बोलता येतंय का आणि किती कष्ट वाटतायत यावर चाला.

पळण्याची जी टेस्ट मी करते ती ट्रायथलॉन कोच जो फ्रील यांनी लोकप्रिय केलेली, तीस मिनिटांची. सपाट रस्ता किंवा ट्रॅक, सोबत कुणी नको, गाणी नकोत. पंधरा मिनिटं वॉर्म-अप, त्यात शेवटी तीन-चार छोट्या जोरकस धावा, आणि मग तीस मिनिटं शर्यत असल्यासारखं पळायचं, जेवढा वेग तीस मिनिटं टिकेल तेवढा. दहा मिनिटं झाली की घड्याळावरचं लॅपचं बटण दाबायचं, म्हणजे तिथून पुढचं वेगळं मोजलं जातं. शेवटच्या वीस मिनिटांचा जो सरासरी हार्ट रेट येईल तो तुमचा थ्रेशोल्ड हार्ट रेट, दुसऱ्या उंबऱ्याचा. बस्स. पहिली दहा मिनिटं धरत नाहीत कारण ठोके वर चढायला वेळ घेतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण माझी पहिली टेस्ट पूर्ण फसली. पहिली पाच मिनिटं पाय इतके हलके होते की मी वाऱ्यासारखी सुटले, आठव्या मिनिटाला तोंडात तांब्यासारखी चव, बाराव्या मिनिटाला पोटऱ्या भरून आल्या आणि विसाव्या मिनिटाला मी चालत होते. त्या टेस्टचा आकडा टाकून द्यायचा, तो काही सांगत नाही. दहा दिवसांनी परत केली. या वेळी पहिली दहा मिनिटं मुद्दाम हातचं राखून पळले, ठोके १५८, मग १६४, लॅप दाबला तेव्हा १६८. पंधराव्या मिनिटाला वाटलं की हा वेग आता थोडा कमी करू, आणि नेमकी तीच जागा असते जिथे काही कमी करायचं नाही, श्वास दोन पावलं आत आणि दोन पावलं बाहेर असा बांधून घेतला आणि फक्त पुढच्या दिव्याच्या खांबाकडे बघत राहिले. बावीस ते सव्वीस ही चार मिनिटं सगळ्यात वाईट. शेवटची दोन मिनिटं जे काही उरलं होतं ते ओतलं. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी १७२ आली आणि किलोमीटरला ५:५० चा वेग. हे माझे खरे आकडे, पहिल्यांदाच माझे.

त्यावरून फ्रील यांच्या टक्क्यांनी पळण्याचा झोन २, म्हणजे सोप्या ट्रेनिंगचा टप्पा, येतो थ्रेशोल्डच्या ८५ ते ८९ टक्के, म्हणजे मला १४६ ते १५३. मागचे १०६ ते १२४ आठवा आणि बघा किती फरक आहे. घड्याळ कोकलायचं बंद झालं.

सायकलची टेस्ट वेगळी करायची, आणि हे कृपया टाळू नका. पळताना अख्खं शरीर उचलून न्यायचं असतं, हात, कंबर, पाठ सगळं कामाला लागतं, सायकलवर वजन सीटवर असतं आणि काम मुख्यतः मांड्यांचं, म्हणून सारखेच कष्ट असतील तरी सायकलवर ठोके बहुतेकांचे पाच-दहाने कमी असतात. पद्धत तीच, तीस मिनिटं आणि शेवटची वीस धरायची. माझा सायकलचा थ्रेशोल्ड आला १६३, आणि सायकलसाठी झोन २ धरतात ८१ ते ८९ टक्के, म्हणजे १३२ ते १४५. आता गंमत बघा, १४८ हा आकडा मला पळताना निवांत झोन २ आणि सायकलवर तोच १४८ झोन ३, म्हणजे एक पायरी कठीण. ज्यांनी फक्त पळण्याची टेस्ट केली आणि तेच झोन सायकलला लावले ते तासन्‌तास जरा जास्तच जोरात सायकल मारत राहतात आणि मग आठवडाभर पाय का जड आहेत ते त्यांना कळत नाही. पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॅट्समध्ये मोजणारं यंत्र, असेल तर वीस मिनिटं जीव तोडून मारायची आणि सरासरी वॅट्सच्या ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी, साधारण तासभर टिकेल एवढा जोर. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, टेस्ट करत असाल तर मोठा पंखा समोर ठेवा, नाहीतर उकाड्याने ठोके फुगतात आणि आकडा खोटा येतो.

पोहताना मात्र हार्ट रेट विसरा असंच मी सांगेन. पाण्यात शरीर आडवं असतं, पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे ढकललं जातं, पाणी अंग गार ठेवतं, काम करणारे स्नायू लहान असतात, त्यामुळे ठोके पळण्यापेक्षा बरेच कमी राहतात, आणि वर पट्टा सरकतो, मनगटावरचा सेन्सर पाण्यात गोंधळतो. त्यापेक्षा वेळ मोजा. याची टेस्ट फार छान आहे, तिला सीएसएस म्हणतात, क्रिटिकल स्विम स्पीड. वॉर्म-अप करून ४०० मीटर जमेल तेवढं जोरात, मग नीट विश्रांती घेऊन २०० मीटर जोरात. दोन्हीच्या वेळेतला फरक काढायचा आणि निम्मा करायचा. समजा ४०० ला ९ मिनिटं २० सेकंद आणि २०० ला ४ मिनिटं २८ सेकंद लागले, तर फरक ४ मिनिटं ५२ सेकंद, त्याचा निम्मा २ मिनिटं २६ सेकंद, म्हणजे १०० मीटरला २:२६ हा तुमचा थ्रेशोल्ड वेग. आता दर १०० ला २:२६ धरून दहा वेळा १०० मारायचे, मध्ये पंधरा-वीस सेकंद दम घ्यायचा, हा सेट पोहण्याला जेवढा उभा करतो तेवढं दुसरं काही करत नाही. अर्थात हात पाण्यात चुकीचा पडत असेल तर कुठल्याही सेटआधी तंत्र सुधारणं जास्त महत्त्वाचं.

बरं, झोन मिळाले, आता काय? माझं सगळं म्हणणं एका जागी येतं ते इथे: या आकड्यांचा सगळ्यात मोठा उपयोग जोरात जाण्यासाठी होत नाही, सावकाश राहण्यासाठी होतो. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने एन्ड्युरन्स म्हणजे दमसासाच्या खेळांमधल्या टॉपच्या खेळाडूंच्या ट्रेनिंगचा अभ्यास केला तेव्हा रोइंग, स्कीइंग, सायकलिंग, पळणं सगळीकडे साधारण एकच चित्र दिसलं, दहातली आठ सेशन्स सोपी, म्हणजे पहिल्या उंबऱ्याच्या खाली, आणि दोन खरोखर कठीण. आपण हौशी माणसं नेमकं उलटं करतो असं नाही, त्याहून वाईट करतो, सगळंच मधल्या झोनमध्ये करतो. सोपा दिवस जरा जास्त जोरात होतो कारण सावकाश पळायची लाज वाटते, मग कठीण दिवशी पाय दमलेले असतात म्हणून तो जरा कमी जोरात होतो, आणि आठवडाभराचं ट्रेनिंग ना धड हे ना धड ते. सावकाश केलेल्या तासांमध्ये शरीर आत बांधकाम करत असतं, स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे जास्त मायटोकॉन्ड्रिया, एका ठोक्यात जास्त रक्त, चरबी जाळायची सवय. याला महिने लागतात आणि ते होताना बाहेरून काही दिसत नाही.

ट्रायथलॉनमध्ये हे आणखीच महत्त्वाचं कारण खेळ तीन पण हृदय एकच आणि पाय दोनच. मंगळवारी सायकलवर विनाकारण झोन ३ मध्ये घालवलेला दीड तास बुधवारी पळताना वसूल होतोच.

मार्क ॲलन यांचं उदाहरण यासाठी नेहमी देतात, हवाईची आयर्नमन ही लांब अंतराची ट्रायथलॉन त्यांनी सहा वेळा जिंकली, १९८९ ते १९९३ सलग आणि मग १९९५. कोच फिल मॅफेटोन यांच्या सांगण्यावरून त्यांनी मोठा काळ ठरावीक हार्ट रेटच्या वर जायचंच नाही असं ट्रेनिंग केलं, सुरुवातीला इतकं हळू पळावं लागायचं की त्यांना ते खटकायचं, पण महिन्यांमागून महिने तोच हार्ट रेट ठेवून वेग वाढत गेला. मॅफेटोन यांची मर्यादा १८० वजा वय अशी काढतात, म्हणजे परत वयाचाच फॉर्म्युला, त्यामुळे आकड्यापेक्षा त्यामागची शिस्त घ्या असं मला वाटतं.

कठीण दिवशी मात्र हार्ट रेटकडे फार बघू नका. तीस सेकंदांचा चढ मारताय तर ठोके वर यायच्या आत चढ संपलेला असतो, हृदयाला कष्टाची खबर मिळून ते पूर्ण वर यायला मिनिट-दोन मिनिटं जातात. आकडा वर यावा म्हणून सुरुवातीला जास्त जोर लावला की सेट बोंबलतो. चार-पाच मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये, म्हणजे जोरात मारायच्या तुकड्यात, दुसऱ्या अर्ध्या भागात काय दिसतं ते बघा, त्याहून छोट्या कामाला वेग किंवा वॅट्स धरा.

लांबच्या सेशनमध्ये एक वेगळीच गोष्ट दिसते आणि मला ती सगळ्यात आवडते. वेग तोच ठेवलाय, रस्ता सपाट आहे, तरी ठोके हळूहळू वर सरकतात. याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. घामातून पाणी जातं, रक्ताचं प्रमाण थोडं घटतं, अंग गार ठेवायला बरंच रक्त कातडीकडे वळवलं जातं, मग एका ठोक्यात कमी रक्त निघतं आणि तेवढंच काम करायला ठोके वाढवावे लागतात. म्हणजे दीड तासाच्या रनचे दोन भाग करा, समजा पहिल्या पाऊण तासाची सरासरी १४६ आणि दुसऱ्याची १५८, वेग तोच, तर हा फरक सुमारे ८ टक्के झाला. पाच टक्क्यांच्या आत राहिला तर त्या वेगाला, त्या अंतराला तुमचा पाया पक्का आहे असं ढोबळ मानतात, जास्त असेल तर अजून सावकाशीचे महिने हवेत, किंवा त्या दिवशी उकाडा होता, पाणी कमी प्यायलं. आयर्नमनसारख्या लांबच्या शर्यतीसाठी, ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि ४२.२ पळणं असं सगळं करायचं असेल तर ही तपासणी मी कुठल्याही टेस्टपेक्षा वर ठेवते.

आकडे खरे असतील तरच हे सगळं खरं. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची ये-जा बघतं, घड्याळ सैल असेल, थंडी असेल, हात हलत असेल की ते चुकतं, आणि कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. सोप्या रनला अचानक १७२ दिसतं आणि तुमची पावलंही मिनिटाला १७२ असतात, तर घाबरू नका, घड्याळ पावलांना चिकटलंय. छातीवरचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो म्हणून जास्त भरवशाचा, लावायच्या आधी त्याचे पॅड पाण्याने ओले करायचे, नाहीतर पहिली दहा मिनिटं काहीतरीच दाखवतो. टेस्ट तरी पट्टा लावूनच करा.

आणि मग रोजचा दिवस. झोप कमी, कॉफी जास्त, ऑफिसचा ताण, ऊन, येऊ घातलेला ताप, सगळं ठोक्यांत उतरतं. बायकांनी अजून एक लक्षात ठेवा, पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात शरीराचं तापमान किंचित वाढलेलं असतं आणि बसल्या जागीचे ठोकेही काहींचे दोन-चारने जास्त असतात, तेव्हा आपण अनफिट झालो असं वाटून घेऊ नका. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी ठोके मोजायची सवय लावा, नेहमीपेक्षा पाच-सातने जास्त सलग दोन दिवस दिसले तर मी कठीण सेशन पुढे ढकलते. याच्या उलटं पण होतं आणि ते लोकांना कळत नाही. जोर लावतोय पण ठोके वर जातच नाहीत, नेहमी १६५ यायचं तिथे १५५ वर अडकलंय, पाय लाकडासारखे. नवखी माणसं खूश होतात की वा, हार्ट रेट कमी झाला. वेगही कमी असेल तर ती फिटनेस नव्हे, ती साचलेली थकावट. हार्ट रेट कधीच एकटा वाचू नका, शेजारी वेग आणि आतून काय वाटतंय ते ठेवा. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी कष्ट मोजायची जी पट्टी बनवली ती ६ पासून २० पर्यंत आहे, असे विचित्र आकडे का, तर त्याला दहाने गुणलं की तरुण निरोगी माणसाचा अंदाजे हार्ट रेट येतो. म्हणजे आतलं वाटणं आणि ठोके एकमेकांशी बांधलेले आहेत हे त्या पट्टीतच आहे.

शर्यतीच्या दिवशी हे सगळं थोडं वेगळं वागतं. आधीच धडधड, त्यात पाण्यात आडवे असताना एकदम उभे राहून पळत सायकलकडे जाता, पहिली दहा-पंधरा मिनिटं सायकलवर आकडा फुगलेलाच दिसतो. घाबरायचं नाही पण त्याला धरून पेटायचंही नाही, गिअर हलका ठेवून श्वास खाली बसू द्यायचा. १.५, ४० आणि १० किलोमीटरच्या ऑलिम्पिक अंतराला सायकलवर थ्रेशोल्डच्या जरा खाली राहिलं तर चालतं, आयर्नमनच्या अंतराला बहुतेक हौशी माणसांनी झोन २ सोडूच नये. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पहिला किलोमीटर नेहमी वाटतो त्यापेक्षा वेगात जातो, तिथे घड्याळाचं ऐका. शेवटच्या तासात मात्र उलट, दमल्यामुळे ठोके वर जातच नाहीत आणि आकड्याला अर्थ उरत नाही, तिथे पोटात काय राहतंय आणि पाय उचलले जातायत का एवढंच.

टेस्ट परत कधी करायची? सहा ते आठ आठवड्यांनी, आदल्या दिवशी आराम किंवा अगदी हलकं काम, शक्यतो त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तोच पट्टा. आणि इथे एक चुकीची अपेक्षा घेऊन बरेच जण निराश होतात, त्यांना वाटतं की थ्रेशोल्डचा हार्ट रेट वाढला पाहिजे. तो फारसा हलत नाही. त्या हार्ट रेटला वेग किती आहे, ते हलतं. माझ्या दुसऱ्या आणि पाचव्या टेस्टमध्ये आठ महिन्यांचं अंतर आहे, मधले बहुतेक सगळे आठवडे सावकाश पळण्यात गेले, सोपे रन किलोमीटरला ७:३० वरून त्याच १५० ठोक्यांना ६:५० वर आले. पाचव्या टेस्टला थ्रेशोल्ड आला १७३, म्हणजे फक्त एक ठोका जास्त. वेग होता ५:२८.